गाजराचा वाफा आणि घरखर्चाचा ताळेबंद

'गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली' ही म्हण मराठी माणसाच्या व्यवहारज्ञानाचा अर्क मानली जाते. यश आले तर लाभ आणि अपयश आले तरी फारसा तोटा नाही, असा उद्योग शोधावा, हा तिचा उपदेश. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर अपयशानंतरही जिचे भांडवल बव्हंशी वसूल होते, अशी ही गुंतवणूक आहे. परंतु म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पुंगी करणाऱ्याच्या हातात गाजर आधीच आलेले आहे. ते कोणी पिकवले, त्याला किती दिवस लागले, किती पाणी आणि किती श्रम खर्ची पडले, हा प्रश्न म्हण विचारीत नाही. आणि बाजारात पिशवी घेऊन जाणारा ग्राहकही सहसा तो विचारीत नाही.

भाजीपाल्याचे भाव चढले की तक्रारी, अग्रलेख आणि सरकारी पत्रके यांचा एक ठरावीक क्रम सुरू होतो. त्या क्रमात कोठेतरी परसबागेचा सल्ला हमखास येतो. घरामागे, गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर, जमेल तेथे भाजी लावा आणि महागाईवर मात करा, असे सांगण्यात येते. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या सल्ल्याचा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाही. ज्यांना तो मुख्यतः दिला जातो, तो शिक्षक, कारकून, निवृत्तिवेतनधारक असा ठरावीक उत्पन्नाचा वर्ग आहे. महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर ज्याला प्रत्येक रुपया मोजून खर्चावा लागतो, त्या वर्गाला सल्ल्याबरोबर हिशेबही मिळावा, ही अपेक्षा गैर नव्हे. गाजरासारखे एक साधे पीक घेऊन तो मांडून पाहिला, तर परसबागेविषयीचे काही भ्रम दूर होतात आणि तिचे खरे मोलही ध्यानात येते.

तीन चौरस मीटरचा वाफा

गाजर हे थंडीचे पीक आहे. पंधरा ते वीस अंश सेल्सियस तापमानात मुळाला रंग आणि गोडी चांगली येते. म्हणून महाराष्ट्रात दसऱ्याच्या सुमारास पेरणी केली, की गाजरे संक्रांतीच्या आसपास काढणीला येतात. वांगी-टोमॅटोप्रमाणे गाजराची रोपे तयार करून ती दुसरीकडे लावणे सोयीचे नाही. कोवळे मूळ एकदा दुखावले की पुढे ते वेडेवाकडे वाढते. बी जागच्या जागीच पेरावे लागते. ते इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सात-आठशे दाणे सहज भरतात. ते खोल गेले तर वर येत नाही आणि वरची माती वाळून तिची पापडी धरली तर कोंब आतच गुदमरतात. उगवणीला दहा ते वीस दिवस लागतात, आणि तेवढे दिवस वाफा सतत ओलसर ठेवावा लागतो. अनुभवी माळी गाजराच्या बियांत थोडे मुळ्याचे बी मिसळतात. मुळा चार-पाच दिवसांत उगवून ओळ दाखवतो आणि गाजर भरण्याच्या आत उपटून खाताही येतो.

खरी अडचण मातीची असते. देशावरची काळी माती कापसाला आणि ज्वारीला मानवते. गाजराला मानवत नाही. ओली झाली की ती चिकटते, वाळली की दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात. वाटेत खडा आला, ढेकूळ आले किंवा अर्धवट कुजलेले शेणखत लागले, की मुळाला फाटे फुटतात. म्हणून पोयटा, वाळू आणि पूर्ण कुजलेले खत घालून फूटभर उंचीचा गादीवाफा करावा लागतो. नत्र जास्त झाले तर पाला माजतो आणि मूळ बारीक राहते. पाण्यात खंड पडून मग एकदम भरपूर पाणी दिले गेले तर गाजरे तडकतात. माथा उघडा पडला तर उन्हाने हिरवा होतो, म्हणून मातीची भर द्यावी लागते. या सर्वांपेक्षा जड जाणारे काम म्हणजे विरळणी. दाट उगवलेल्या रोपांतील बहुतेक उपटून टाकल्याखेरीज उरलेल्यांना पोसण्यास जागा मिळत नाही. नवख्या माणसाचा हात येथे धजत नाही आणि परिणामी संपूर्ण वाफाभर बोटाएवढी गाजरे येतात.

आता आकडे पाहू. एक मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असा वाफा घेतला, दोन ओळींत तीस सेंटिमीटर आणि दोन रोपांत आठ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर वाफ्यात सव्वाशे रोपे बसतात. एका गाजराचे सरासरी वजन साठ ग्रॅम धरले, तर एकूण उत्पन्न साडेसात किलो होते. हेक्टरी अडीचशे क्विंटल हे गाजराचे बरे उत्पन्न समजले जाते. त्या प्रमाणातही तीन चौरस मीटरला साडेसात किलोच येतात. म्हणजे हा अंदाज ना फार आशावादी आहे, ना निराशावादी.

गाजराचा भाव किलोला चाळीस रुपये धरला, तर या उत्पन्नाची किंमत तीनशे रुपये झाली. बी, खत, वाळू आणि पाणी यांचा खर्च काटकसरीने दीडशे रुपये मानू. उरले दीडशे. पेरणीपासून काढणीपर्यंत सुमारे शंभर दिवस, रोज पंधरा मिनिटे, म्हणजे पंचवीस तास काम झाले. तासाला सहा रुपये पडले. कोणत्याही शेतमजुराच्या मजुरीपेक्षा हे कितीतरी कमी आहे. वाफ्याने महागाईवर मात होते, या विधानाची ही पहिली परीक्षा.

भोगीचा भाव

दुसरी परीक्षा अधिक कठोर आहे. घरच्या वाफ्यातील गाजर तयार होते ते पौषात. आणि नेमके त्याच वेळी बाजारात गाजरांचे ढीग लागलेले असतात. भोगीच्या भाजीसाठी गाजराची मागणी एखाददुसरा दिवस वाढते हे खरे. परंतु एकंदर हंगामाचा विचार केला तर हे गाजर स्वस्त असण्याचे दिवस. जो निसर्ग वाफ्यावर कृपा करतो, तोच शेतकऱ्याच्या शेतावरही करतो. गाजर महाग असते ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, आणि त्या दिवसांत ते मैदानी प्रदेशातील घरच्या वाफ्यात नीट येत नाही. हंगामात भाव पंचवीस रुपयांवर आला, तर साडेसात किलोंची किंमत एकशे सत्याऐंशी रुपयांच्या आसपास होते. खर्च वजा जाता तासाला दीड रुपया पदरात पडतो.

यातून एक नियम निघतो. घरची लागवड किफायतशीर होण्यासाठी पीक असे असावे की जे शेतातून स्वयंपाकघरात येईपर्यंत लवकर नासते, ज्याचा वाहतुकीचा व हाताळणीचा खर्च मालाच्या मानाने मोठा असतो, आणि जे लागते थोडे पण वारंवार. कोथिंबीर, मेथी, अळू, कढीपत्ता, शेवगा ही नावे या कसोटीला उतरतात. पूर्वीच्या वाड्यांच्या परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढत असे, त्यामागे हाच विचार होता, भले तो कोणी शब्दांत मांडला नसेल. गाजर मात्र काढल्यावर बरेच दिवस टिकते, दूरचा प्रवास सोसते आणि मोठ्या शेतात कमी खर्चात पिकते. घरच्या वाफ्याला त्यात नैसर्गिक लाभ जवळजवळ नाही. तेव्हा केवळ पैसे वाचवावेत म्हणून गाजर लावणाऱ्याने ते न लावलेले बरे.

तथापि येथेच हिशेब मिटवणे ही घाई होईल. पंचवीस तासांना मजुरीच्या दराने मोल लावणे कितपत योग्य आहे? कचेरीतून सहा वाजता सुटलेल्या कारकुनाला सकाळची सुटी पंधरा मिनिटे कोणी विकत घेत नाही. ज्या वेळेला दुसरे गिऱ्हाईक नाही, तिची संधी-किंमत जवळजवळ शून्य असते. अलेक्झांडर चायानोव या रशियन अर्थशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कुटुंबाच्या शेतीविषयी असेच काहीसे प्रतिपादन केले होते. घरच्या श्रमांवर चालणारे कुटुंब मजुरी व नफा असा हिशेब करीत नाही. कष्टाचा शीण आणि गरजेची पूर्ती यांचा तोल ते पाहते. शीण फार नसेल तोवर काम चालू राहते. वाफ्याजवळ घालवलेली पंधरा मिनिटे ज्याला शीण न वाटता विरंगुळा वाटतो, त्याच्या ताळेबंदात ती खर्चाच्या बाजूला न पडता जमेच्या बाजूला पडतात.

वजनाचा ताजवा आणि पोषणाचा ताजवा

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाने रोज किमान चारशे ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सुचवले आहे. चार माणसांच्या कुटुंबाला हे माप लावले, तर वर्षाला ५८४ किलो होतात. वाफ्यातील साडेसात किलो म्हणजे त्याच्या सव्वा टक्का. वजनाच्या ताजव्यात घरचा वाफा असा अगदीच हलका ठरतो.

पोषणाच्या ताजव्यात मात्र चित्र बदलते. वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये गाजरातून एक रंगद्रव्य वेगळे केले. त्याला गाजराच्याच नावावरून कॅरोटिन म्हणतात. हेच द्रव्य शरीरात गेल्यावर त्याचे 'अ' जीवनसत्त्व बनते, हे कळण्यास मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली. केशरी गाजराच्या शंभर ग्रॅममध्ये साधारणपणे पाच हजार मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन असते. बारा भाग कॅरोटिनपासून एक भाग 'अ' जीवनसत्त्व, असे प्रमाण धरले, तर चारशे मायक्रोग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व मिळते. लहान मुलाची एका दिवसाची गरज जवळपास एवढीच असते. म्हणजे तीन चौरस मीटरचा वाफा एका मुलाची सत्तर-पंचाहत्तर दिवसांची गरज भागवू शकतो. हे कॅरोटिन तेला-तुपात विरघळते. म्हणून नुसते कच्चे गाजर चघळण्यापेक्षा फोडणी घातलेल्या कोशिंबिरीतून किंवा भाजीतून ते अंगी अधिक लागते.

याचे महत्त्व या देशात थोडे नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो आणि पुढे दृष्टीही जाते. १९७० मध्ये केंद्र सरकारने या जीवनसत्त्वाचा मोठा डोस दर सहा महिन्यांनी लहान मुलांना देण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो याच कारणासाठी. मात्र दोन खुलासे केले पाहिजेत. पहिला असा, की गाजराचा प्रत्येक रंग सारखाच गुणकारी नसतो. उत्तरेकडील लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपिनचा असतो आणि त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनत नाही. त्यात कॅरोटिनही असते, परंतु चांगल्या केशरी गाजराच्या मानाने सहसा कमी. काळ्या-जांभळ्या गाजराचा रंग तर आणखी वेगळ्याच द्रव्याचा. दुसरा खुलासा असा, की पालक, राजगिरा, शेवगा, कढीपत्ता यांसारखा पाला हे काम तितक्याच समर्थपणे आणि बहुधा कमी खर्चात करतो. गाजराचे श्रेष्ठत्व इतकेच, की पाल्याला नाक मुरडणारी मुले गाजर आवडीने खातात.

युद्धकाळातील धडा

परसबागेने राष्ट्राची गरज भागते काय, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते. दुसरे महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, ब्रिटनने घरोघरी भाजी पिकवण्याची मोहीम हाती घेतली. नागरिकांना भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे युद्धापूर्वी सुमारे आठ लाख होते. ते युद्धकाळात चौदा लाखांच्या आसपास गेले. साखर शिधापत्रिकेवर होती, गाजर मुबलक होते. म्हणून अन्न खात्याने 'डॉक्टर गाजर' नावाचे व्यंगचित्र काढून त्याचा प्रचार केला. रात्री शत्रूची विमाने अचूक पाडणारे वैमानिक गाजरे खाऊन डोळे तीक्ष्ण करतात, अशी वार्ताही पसरवण्यात आली. वस्तुतः ते यश विमानांत बसवलेल्या रडारचे होते. गाजराच्या अभावाने दृष्टी मंदावेल, पण अधिक गाजराने ती अधिक तीक्ष्ण होत नाही. तरीही ही समजूत आजतागायत अनेक देशांत टिकून आहे.

या मोहिमेच्या यशाचे खरे कारण भित्तिपत्रके हे नव्हते. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्यान्वये मागणी असेल तेथे नागरिकांना लागवडीसाठी तुकडे उपलब्ध करून देणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरली होती, आणि युद्ध सुरू होताच रिकाम्या जमिनी ताब्यात घेऊन वाटण्याचे अधिकार त्यांना मिळाले. उपदेशामागे जमीन उभी होती. जर्मनीतही शहरवासीयांच्या छोट्या बागांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, आणि १९८३ च्या कायद्याने अशा बागेची मर्यादा चारशे चौरस मीटर ठरवून भाडेकऱ्याला संरक्षण दिले.

हिंदुस्थानात 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू झाली १९४२ मध्ये, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाल्यावर. दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, व्ही. टी. कृष्णमाचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचे मूल्यमापन केले. ग्रामीण जीवनाची सर्व अंगे परस्परांशी निगडित आहेत, त्यांतील एकच अंग सुटे काढून केलेल्या प्रयत्नांतून टिकाऊ फळ मिळत नाही, हा तिचा निष्कर्ष होता. १९६५ च्या टंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवला. त्या कृतीचे नैतिक बळ मोठे होते. पण धान्याचा प्रश्न हिरवळीवर सुटला नाही. तो सुटला तो नवीन बियाणे, सिंचन, खते आणि हमीभाव यांच्या जोडीने. प्रतीक आणि धोरण यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

परस कोणाजवळ आहे?

परसबागेच्या सल्ल्यातील मुख्य उणीव हीच आहे. बाग हवी, पण परस कोठे आहे? चाळीतील एका खोलीत किंवा तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला तीन चौरस मीटर उघडी, ऊन येणारी जागा ही चैन आहे. ज्याच्याजवळ ती आहे, त्याचे उत्पन्न बहुधा असे असते की गाजराच्या भावाने त्याचे काही बिघडत नाही. ज्याच्या मुलाला गाजराची सर्वांत अधिक गरज आहे, त्या झोपडीतील मजुराजवळ ना माती आहे, ना नळ. सल्ला सर्वांना सारखा दिला जातो. त्याचा लाभ घेण्याची ऐपत मात्र सारखी वाटलेली नाही. खोल कुंडीत किंवा जुन्या पत्र्याच्या डब्यात दहा-वीस गाजरे काढता येतात हे खरे, परंतु त्याला छंद म्हणावे, उपाय म्हणू नये.

नगरविकासाच्या आराखड्यांत उद्यान, क्रीडांगण, वाहनतळ यांसाठी आरक्षणे असतात. नागरिकाला वर्षाच्या भाड्याने वाफा मिळेल अशी जागा त्यांत शोधावी लागते. शहरांतील कितीतरी शाळा-महाविद्यालयांची आवारे, सरकारी वसाहतींच्या मागील मोकळ्या पट्ट्या, वर्षानुवर्षे गवत आणि कचरा यांनी भरलेल्या असतात. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये शाळांतील पोषणबागांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि शाळेत शिजणाऱ्या दुपारच्या जेवणात त्या बागेतील भाजी पडावी अशी त्यांमागील कल्पना आहे. ही कल्पना मुळात योग्य आहे, कारण तीत जमीन सार्वजनिक आहे आणि गाजर थेट त्या मुलाच्या ताटात जाते ज्याला ते हवे आहे. तिची अंमलबजावणी एखाद्या उत्साही शिक्षकाच्या मर्जीवर न राहता पाणी, कुंपण आणि सुटीतील देखभाल यांच्या तरतुदीसह झाली, तरच ती टिकेल. शाळेची बाग बहुधा मरते ती मे महिन्यात, पाणी घालणारे कोणी नसते म्हणून.

श्रम कोणाचे?

आणखी एका प्रश्नाकडे डोळेझाक होता कामा नये. वाफा घालण्याचा निर्णय बहुधा घरातील कर्ता पुरुष रविवारी घेतो. सोमवारपासून त्याला पाणी कोण घालते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनमोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे मूळ चित्र पालटले नाही. जिच्या दिवसातील पाच तास आधीच बिनमोबदला कामात जातात, तिच्यावर आणखी पंधरा मिनिटे लादून वाचवलेला रुपया ही बचत नव्हे. तो केवळ न दिलेल्या मजुरीचा आकडा होय.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबपद्धतीत येथे एक मौजेची विसंगती आढळते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार घरी पिकवून घरीच खाल्लेली वस्तू उत्पादनात धरली जाते. पण घरच्यांसाठी घरच्यांनी केलेली सेवा धरली जात नाही. म्हणजे वाफ्यातून उपटलेले गाजर तत्त्वतः राष्ट्रीय उत्पन्नात येते. परंतु तेच किसून, आटवून त्याचा हलवा करणाऱ्या गृहिणीचे दोन तास त्यात येत नाहीत. हलवाई दुकानात तेच काम करतो तेव्हा मात्र ते मोजले जाते. घरातील वाफ्याचा हिशेब मांडणाऱ्याने निदान आपल्या वहीत तरी ही चूक करू नये.

वाफ्यातून दिसणारे शेत

बचत अल्प, वजन नगण्य, जागा दुर्मिळ. मग गाजर लावावेच कशासाठी? याचे उत्तर ग्राहक म्हणून या वर्गाची जी भूमिका आहे, तिच्यात शोधले पाहिजे. नोकरदार वर्ग संख्येने शेतकऱ्यांहून लहान असला, तरी त्याचा आवाज मोठा आहे. वर्तमानपत्र तो वाचतो, पत्रे तो लिहितो आणि महागाईची व्याख्या बरीचशी तोच ठरवतो. कांदा महागला की त्याचा संताप दुसऱ्या दिवशी मुद्रित होतो; भाव कोसळून शेतकरी उभ्या पिकात गुरे सोडतो, तेव्हा ती बातमी आतल्या पानावर जाते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासनिबंधात असे दिसून आले, की ग्राहक जो रुपया देतो त्यातील टोमॅटो-उत्पादकाला सुमारे ३३ पैसे, कांदा-उत्पादकाला ३६ आणि बटाटा-उत्पादकाला ३७ पैसे मिळतात. उरलेला रुपया वाहतूक, हमाली, अडत, नासाडी आणि निरनिराळ्या टप्प्यांवरील नफा यांत जातो. यांतील काही खर्च अपरिहार्य आहे; सगळाच नव्हे.

हे आकडे वाचून जे समजत नाही, ते एका हंगामाचा वाफा समजावतो. पेरल्यावर पंधरा दिवस काहीच न उगवण्याची अस्वस्थता, अवकाळी पावसाने वाहून गेलेली ओळ, तीन दिवस गावी गेल्यामुळे तडकलेली मुळे, आणि शंभराव्या दिवशी हाती आलेली दोन फाट्यांची गाजरे. दोन फाट्यांचे गाजर चवीला तितकेच गोड असते. पण मंडईत हेच गिऱ्हाईक ते ढिगातून बाजूला सारते, आणि अशा बाजूला सारलेल्या मालाची किंमत अखेर शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते. ज्याने सहा रुपये तासाने एकदा काम करून पाहिले, तो भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करताना क्षणभर तरी थांबेल.

बियाण्याच्या बाबतीतही वाफा काही शिकवतो. गाजराचे मूळ स्थान मध्य आशियात, अफगाणिस्तानाच्या परिसरात मानले जाते. प्रारंभीची गाजरे जांभळी आणि पिवळी होती, केशरी वाण पुढे युरोपात, मुख्यतः नेदरलँड्समध्ये, रूढ झाला. युरोपीय वाणाला फुलोरा येण्यासाठी कडक थंडी लागते, म्हणून त्याचे बी कुलू-काश्मीरसारख्या डोंगराळ भागात धरावे लागते. देशी वाण मैदानातही बी धरतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने देशी लाल गाजर आणि नांतेस हा युरोपीय वाण यांच्या संकरातून 'पुसा केसर' काढला, तो या दोहोंचे गुण एकत्र आणण्यासाठी. आणि संशोधन केवळ संस्थांतच होते असे नाही. जुनागढ जिल्ह्यातील वल्लभभाई मारवाणिया या शेतकऱ्याने निवडपद्धतीने 'मधुबन' हा कॅरोटिनयुक्त वाण विकसित केला; त्यांचे गाजराचे काम १९४३ पासूनचे, आणि पद्मश्री मिळाली ती २०१९ मध्ये. पुडीतील चिमूटभर बियांमागे एवढी दीर्घ साखळी उभी असते.

या सर्वांचा इत्यर्थ असा. परसबाग हा महागाईवरील उपाय म्हणून पुढे करणे ही दिशाभूल आहे. त्यामुळे साठवण, वाहतूक, बाजार समित्यांचा कारभार आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव या खऱ्या प्रश्नांची जबाबदारी धोरणकर्त्यांच्या डोक्यावरून उतरून गृहिणीच्या डोक्यावर जाते. परंतु पोषणाचा पूरक मार्ग म्हणून, आणि त्याहूनही अधिक, शहरी सुशिक्षितांना शेतीची ओळख करून देणारी शाळा म्हणून वाफ्याचे मोल निर्विवाद आहे. त्यासाठी नगरपालिकांनी मोकळ्या पट्ट्या नाममात्र भाड्याने द्याव्यात, शाळांच्या बागांना उन्हाळ्यातील पाण्याची तरतूद करावी, आणि महाविद्यालयांनी अर्थशास्त्राच्या व वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना एक वाफा आणि एक वही द्यावी. बी, खत, पाणी, प्रत्येकाने घालवलेला वेळ आणि काढणीच्या दिवसाचा मंडईतील भाव, एवढे त्या वहीत प्रामाणिकपणे लिहिले गेले, तर किंमत, मोल आणि मजुरी या तीन शब्दांतील भेद विद्यार्थ्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही. आणि त्यांच्यापैकी काही जण उद्या कचेऱ्यांत बसून शेतमालाविषयीचे निर्णय घेतील, तेव्हा त्या वहीचा उपयोग त्यांना एकट्यांनाच होईल असे नाही.